पाण्याखालच्या पृष्ठभागावरचे बारीक बुडबुडे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

काच, धातू, प्लास्टिक, पान, माशाचा पर, सोन्याची अंगठी, काहीही पाण्यात बुडवलं की त्यावर कधी ना कधी बुडबुडे दिसतात. कुठे ते निरुपद्रवी असतात, कुठे मोजमाप बिघडवतात, तर कुठे अख्खा धंदाच त्यांच्यावर चालतो. प्रयोगशाळेत काम करणारे, मत्स्यटाकी बाळगणारे, प्लेटिंगवाले आणि केवळ कुतूहल असणारे वाचक जे प्रश्न विचारतात, त्यांची उत्तरं इथे एकत्र दिली आहेत.

रात्री भरून ठेवलेल्या ग्लासाच्या आतल्या बाजूला सकाळी बुडबुडे कुठून येतात?

पाण्यात विरघळलेल्या हवेतून. पाणी जितकं गार आणि दाबाखाली, तितकी जास्त हवा त्यात मावते. नळाचं पाणी पाइपात दाबाखाली असतं. ग्लासात आलं की दाब सुटतो आणि रात्रभरात ते खोलीच्या तापमानाला येतं. हवेशी समतोलात असलेल्या पाण्यात 20 अंश सेल्सिअसला लिटरमागे सुमारे 9.1 मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, 30 अंशांना सुमारे 7.5. म्हणजे 200 मिलिलिटरच्या ग्लासात, नायट्रोजन बाजूला ठेवून फक्त ऑक्सिजन धरला, तरी 0.3 मिलिग्रॅम जादा होतो. तो सगळा बुडबुड्यांच्या रूपात आला तर 1 मिलिमीटर व्यासाचे चारशेहून अधिक बुडबुडे होतील. प्रत्यक्षात बराचसा वायू वरच्या मोकळ्या पृष्ठभागातून गुपचूप निघून जातो, उरलेला काचेवर जमतो.

पाणी खराब झाल्याची ही खूण नव्हे. बिनधास्त प्या.

पण बुडबुडे ठरावीक ठिपक्यांवरच का येतात?

कारण स्वच्छ पाण्याच्या मधोमध नवा बुडबुडा जन्माला घालणं फार अवघड असतं. अगदी लहान बुडबुड्याच्या आत पृष्ठताणामुळे प्रचंड दाब असतो. हा जादा दाब म्हणजे पृष्ठताणाची दुप्पट भागिले त्रिज्या. 25 अंशांच्या पाण्याचा पृष्ठताण मीटरला 0.072 न्यूटन धरा. 1 मिलिमीटर त्रिज्येला जादा दाब 144 पास्कल, म्हणजे नगण्य. 1 मायक्रॉनला (मिलिमीटरच्या हजाराव्या भागाला) तो सुमारे 1.4 वातावरण, म्हणजे हवेच्या नेहमीच्या दाबाच्या 1.4 पट होतो आणि 100 नॅनोमीटरला 14 वातावरण. शून्यातून सुरुवात करायची तर हा डोंगर चढावा लागतो, आणि त्यासाठी पाण्यात नेहमीच्या शंभरपटीहून अधिक वायू कोंबलेला असावा लागतो.

म्हणून बुडबुडे शॉर्टकट घेतात. काचेवरचा ओरखडा, क्षाराचा कण, फडक्यातून सुटलेला कापसाचा तंतू, यांच्या खाचेत पाणी भरताना थोडी हवा आधीच अडकून राहते. बुडबुडा तिथून वाढतो, सुटतो, आणि खाचेत थोडी हवा मागे ठेवून जातो. मग पुढचा. सोड्याच्या ग्लासात एकाच जागेहून वर जाणारी मण्यांची माळ दिसते ती यामुळेच.

खाच केवढी लागते, याचा हिशोब वरच्या सूत्रानेच होतो. पाण्यात 20 टक्के जादा हवा असेल तर वायूचा जोर फक्त 0.2 वातावरण. तेवढ्यावर वाढायला खाचेच्या तोंडाची त्रिज्या निदान 7 मायक्रॉन हवी. सोड्याचा जोर कितीतरी जास्त, म्हणून तिथे 1 मायक्रॉनच्या खाचाही कामाला लागतात. नुसत्या पाण्यात न दिसणारे ओरखडे सोडा ओतला की उघडे पडतात ते असे.

चहाचं आधण ठेवलं की पाणी उकळण्याच्या कितीतरी आधी तळाशी बुडबुडे दिसतात. ती वाफ असते का?

नाही. साधारण 40 ते 60 अंशांना दिसणारे ते बारीक, चिकटून बसलेले बुडबुडे विरघळलेल्या हवेचे. वाफेचे बुडबुडे नंतर येतात, आणि वरच्या गार पाण्यात शिरताच चिरडले जातात. भांडं सूं सूं करतं तो त्यांचाच आवाज. एकदा उकळून झाकून गार केलेलं पाणी लगेच पुन्हा तापवा, पहिल्या जातीचे बुडबुडे जवळजवळ दिसणार नाहीत.

बुडबुडा पृष्ठभागाला धरून का राहतो, आणि किती मोठा झाल्यावर सुटतो?

धरून ठेवतो तो पृष्ठताण, बुडबुड्याच्या तळाच्या कडेवर. ओढून नेतो तो उत्प्लावक जोर, म्हणजे पाण्याचा वर ढकलणारा जोर. पकड कडेच्या लांबीनुसार वाढते, उत्प्लावक जोर आकारमानानुसार. त्यामुळे बुडबुडा वाढत गेला की कधीतरी जोर पकडीवर मात करतो.

ती वेळ कधी येणार हे पृष्ठभागाला पाणी किती आवडतं यावर ठरतं. ते मोजायचं माप म्हणजे संपर्ककोन: पृष्ठभाग आणि पाण्याची कड यांच्यातला, पाण्याच्या बाजूने मोजलेला कोन. खरोखर स्वच्छ काचेवर तो 10-20 अंशांच्या आत असतो, टेफ्लॉनवर 110 च्या आसपास. फ्रिट्झ यांनी 1935 साली दिलेलं सूत्र आजही अंदाजाला पुरतं. पाण्यासाठी ते सोपं करून असं होतं: सुटतानाचा व्यास मिलिमीटरमध्ये म्हणजे संपर्ककोनाचे अंश गुणिले 0.057. कोन 20 अंश असेल तर बुडबुडा 1.1 मिलिमीटरचा झाल्यावर सुटतो, 45 ला अडीच, 90 ला पाच मिलिमीटर. हे सूत्र सपाट, आडव्या पृष्ठभागाचं आणि सावकाश वाढणाऱ्या बुडबुड्याचं आहे. पाणी वाहत असेल तर बुडबुडे याहून बरेच आधी सुटतात.

यातून कामाची गोष्ट एवढीच: बोटांचं तेल लागलेली काच आणि नीट धुतलेली काच यांत बुडबुड्यांच्या दृष्टीने जमीन-अस्मानाचा फरक आहे. बुडबुडे त्रास देत असतील तर आधी जादा वायू काढा, मग पृष्ठभाग सुधारा. ठोकाठोकी सगळ्यात शेवटी. लोक नेमकं उलट करतात.

सुटलेला बारीक बुडबुडा पाण्यात किती वेळ टिकतो?

एपस्टाइन आणि प्लेसेट यांनी 1950 मध्ये हे गणित मांडलं. हवेने पूर्ण भरलेल्या पाण्यातसुद्धा 10 मायक्रॉन त्रिज्येचा बुडबुडा सहा-सात सेकंदांत विरघळतो, कारण पृष्ठताणाचा दाब वायूला बाहेर ढकलतो. 100 मायक्रॉनचा तासाहून अधिक टिकतो, पण पाण्यात हवा अजिबात नसेल तर दोन मिनिटांतच जातो. 100 नॅनोमीटरचा बुडबुडा तर सेकंदाचा बारीकसा अंशही टिकायला नको.

मग नॅनोबुडबुडे पृष्ठभागावर तासन्‌तास, दिवसेंदिवस कसे टिकतात?

हा प्रश्न वीसेक वर्षं शास्त्रज्ञांना छळत होता. पार्कर, क्लासन आणि अतार यांनी 1994 मध्ये पाणी नावडणारे दोन पृष्ठभाग पाण्यात एकमेकांजवळ आणले, तेव्हा त्यांच्यातलं आकर्षण पायरी-पायरीने वाढताना दिसलं. पृष्ठभागांवर अतिसूक्ष्म बुडबुडे असावेत आणि ते एकमेकांना जोडले जात असावेत, असा त्यांचा तर्क होता. 2000 साली अ‍ॅटॉमिक फोर्स मायक्रोस्कोपने, म्हणजे एएफएमने (तो अतिबारीक सुईने पृष्ठभाग चाचपून चित्र काढतो), त्यांची चित्रंच मिळाली.

हे बुडबुडे गोल नसतात. उंची दहा-वीस ते शंभर नॅनोमीटर, रुंदी त्याच्या कितीतरी पट, उपडी ठेवलेल्या उथळ बशीसारखा आकार. टिकण्याची किल्ली या आकारात आहे. पृष्ठभागावरच्या बारीक खडबडीमुळे आणि रासायनिक डागांमुळे बुडबुड्याची कड जागच्या जागी खिळून राहते. वायू बाहेर पडला की पाया आकसत नाही, फक्त उंची कमी होते. उंची कमी झाली की वक्रता कमी होते, आतला दाब उतरतो, गळती थांबते. उलट वायू आत आला की उंची वाढते, दाब चढतो आणि जादा वायू बाहेर पडतो. सुट्या बुडबुड्याचं गणित नेमकं याच्या उलट चालतं: तो लहान होतो तसा दाब वाढतो, आणि दाब वाढतो तसा तो आणखी लहान होतो.

मात्र नुसतं खिळून राहणं पुरत नाही, पाण्यात थोडा जादा वायूही हवा. लोझे आणि झांग यांनी 2015 मध्ये दाखवलेला समतोल कागदावर सहज करून पाहता येतो. पायाचा व्यास भागिले 2.85 मायक्रॉन, गुणिले जादा वायूचं प्रमाण. हा आला वायूच्या बाजूने मोजलेल्या कोनाचा साइन. पाया 300 नॅनोमीटर आणि वायू नेहमीच्या दुप्पट, म्हणजे जादा प्रमाण 1, तर कोन 6 अंश आणि उंची जेमतेम 8 नॅनोमीटर.

प्रयोगशाळेत हे बुडबुडे तयार कसे करायचे? आणि ते बुडबुडेच आहेत हे कशावरून?

सर्वांत वापरातली पद्धत द्रावक-बदलाची. ताज्या ग्रॅफाइटचा, म्हणजे एचओपीजीचा, वरचा थर चिकटपट्टीने ओढून काढा. लगेच एएफएमच्या द्रवकोषात बसवा. कोष शुद्ध इथेनॉलने भरा आणि मग हळूहळू शुद्ध पाणी सोडून इथेनॉल बाहेर काढा. इथेनॉलमध्ये पाण्याच्या सुमारे आठपट हवा मावते. पाणी आत येतं तसा पृष्ठभागालगत काही काळ जादा वायू साचतो आणि तिथेच बुडबुडे धरतात. पाणी कोषाच्या आकारमानाच्या निदान पाच-दहापट जाऊ द्या, नाहीतर उरलेलं इथेनॉल चित्र गढूळ करतं. दुसरा मार्ग: फ्रिजमधलं 4 अंशांचं, हवेशी समतोल साधलेलं पाणी 25-30 अंशांच्या पृष्ठभागावर सोडायचं.

चित्र टॅपिंग मोडमध्येच (सुई टेकत-उचलत) घ्या, तेही हलक्या हाताने: सेट-पॉइंट, म्हणजे सुईच्या आंदोलनाची राखायची पातळी, मोकळ्या आंदोलनाच्या 90-95 टक्के. सुई जोरात दाबली तर बुडबुडे दबतात, एकमेकांत मिसळतात किंवा बाजूला लोटले जातात, आणि "नमुन्यावर काहीच नाही" असा निष्कर्ष निघतो.

खरी अडचण ओळखण्यात आहे. चित्रात दिसणारा उंचवटा बुडबुडा असेल किंवा तेलाचा थेंबही असेल. डिस्पोजेबल सिरिंज आणि सुयांवरचं सिलिकॉन तेल इथेनॉलबरोबर आत येतं आणि पाणी आल्यावर हुबेहूब तसेच उंचवटे तयार करतं. यात जाणकारही फसले आहेत. म्हणून काचेची सिरिंज वापरा, नळ्या आणि जोडण्या इथेनॉलने आधी धुऊन घ्या, आणि दोन पडताळण्या कधीच टाळू नका. पहिली, तोच प्रयोग हवा काढलेल्या इथेनॉल आणि हवा काढलेल्या पाण्याने करा, बुडबुडे यायला नकोत. दुसरी, तयार झालेल्या उंचवट्यांवरून हवा काढलेलं पाणी वाहू द्या. बुडबुडे असतील तर विरघळतील, तेल असेल तर तसंच राहील.

बाजारात "नॅनोबबल पाणी" करणारी यंत्रं मिळतात. तेही हेच का?

नाही. ती यंत्रं पाण्याच्या मधोमध, कशालाही न चिकटलेले बुडबुडे असल्याचा दावा करतात. वर सांगितलेला खिळून राहण्याचा आधार त्यांना नसतो, आणि ते महिनोन्‌महिने कसे टिकतील याचं सर्वमान्य स्पष्टीकरण नाही. कण मोजणारी उपकरणं बुडबुडा, तेलाचा थेंब आणि धुळीचा कण यांत फरक करत नाहीत, हेही लक्षात ठेवा. कोळंबीच्या तळ्यासाठी असं यंत्र घेणार असाल तर बुडबुड्यांचा आकडा विचारू नका. विरघळलेला ऑक्सिजन किती वाढला आणि तेवढ्याला वीज किती लागली, एवढं मीटर लावून बघा. बारीक बुडबुड्यांनी ऑक्सिजन चांगला विरघळतो यात वाद नाही.

फ्लो सेल, क्युव्हेट किंवा मायक्रोचॅनेलमधले बुडबुडे जात नाहीत. काय करावं?

ही सगळी द्रव धरणारी किंवा वाहू देणारी छोटी पात्रं आणि बारीक वाटा. पायरीने जा.

आधी तापमान. फ्रिजमधलं द्रावण 37 अंशांच्या सेलमध्ये सोडलंत तर बुडबुडे येणारच. द्रावण सेलच्या तापमानाला, किंवा दोन-तीन अंश जास्त, आधी उघड्या भांड्यात आणा आणि हलवत ठेवा. निम्म्या तक्रारी इथेच मिटतात.

मग हवा काढणं. पाणी 10 मिनिटं खळखळून उकळा, बाटली काठोकाठ भरून झाकण लावा आणि गार करा. ज्या द्रावणाला उकळी चालत नाही ते निर्वात डेसिकेटरमध्ये चुंबकी ढवळणीवर 20-30 मिनिटं ठेवा. न ढवळता निर्वात लावला तर वरचाच थर रिकामा होतो. हवा काढलेलं पाणी लगेच वापरा, कारण उघड्या भांड्यात ते पुन्हा हवा घेतं.

तिसरं, भरण्याची पद्धत. चॅनेल तिरपा धरून खालून वर भरा. पीडीएमएससारखं (एक सिलिकॉन रबर) पाणी नावडणारं साहित्य असेल तर आधी 70 टक्के इथेनॉल किंवा आयसोप्रोपेनॉल सोडा, ते कोपऱ्याकोपऱ्यात शिरतं, आणि मग पाणी. इथे एक गोम आहे. ही तीच द्रावक-बदलाची कृती झाली जिने नॅनोबुडबुडे तयार होतात! डोळ्यांना दिसणारे बुडबुडे गेले तरी बीज मागे राहतं. म्हणून अल्कोहोलनंतर सोडायचं पाणी हवा काढलेलंच हवं.

एवढं करूनही कोपऱ्यात हवा राहत असेल तर भरण्याआधी चॅनेलमधून कार्बन डायऑक्साइड सोडा. तो पाण्यात हवेच्या चाळीसेक पट विरघळतो, त्यामुळे अडकलेला बुडबुडा थोड्याच वेळात नाहीसा होतो. मातीच्या ट्रायअ‍ॅक्सियल चाचणीत (तीत मातीची ताकद मोजतात) नमुना पाण्याने पूर्ण भरताना हीच युक्ती वापरतात. मात्र पाण्याचा पीएच उतरतो, तेव्हा बफर नसलेल्या द्रावणात जपून.

शेवटचा उपाय दाब. बाहेरची नळी चिमटून आतला दाब एक वातावरणाने वाढवा. बुडबुडा निम्म्या आकारमानाचा होतो आणि वायू विरघळू लागतो. दाब सोडताना मात्र सावकाश, नाहीतर तोच वायू परत येईल. पीडीएमएसमधून हवा आरपार जाते, त्यामुळे तिथे दाब जास्त लवकर काम करतो.

गढूळपणा मोजताना आकडा वर-खाली होतो. बुडबुडे असतील का?

बहुधा तेच. बुडबुडा प्रकाश विखुरतो आणि मीटर त्याला मातीचा कण समजतं. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, आयएस 10500 मध्ये, स्वीकार्य मर्यादा 1 एनटीयू (गढूळपणाचं एकक) आहे. इतक्या खालच्या आकड्याशी खेळताना काचेला चिकटलेले चार बुडबुडेही निकाल फिरवतात. नमुना धारेने न ओतता कडेने सोडा, बाटली हिसडू नका, सावकाश उलटीसुलटी करा, एक-दोन मिनिटं थांबा, बाहेरून पुसा, मग वाचा. आकडा हळूहळू उतरत असेल तर बुडबुडे वर जात आहेत किंवा गाळ खाली बसतो आहे. उजेडाकडे धरून पाहिलं की कळतं.

सोन्याचा कस पाण्यात तोलून बघताना बुडबुड्यांनी किती फरक पडतो?

वाटतो त्याहून जास्त. 1 मिलिमीटर व्यासाचा बुडबुडा 0.52 मिलिग्रॅमचा उचल देतो. 5 ग्रॅमची 22 कॅरेटची अंगठी घ्या, घनता 17.7. पाण्यात तिचं वजन सुमारे 282 मिलिग्रॅमने कमी भरायला हवं. नक्षीत असे दहा बुडबुडे अडकले तर घट 288 च्या जवळ जाते आणि घनता येते 17.4. चांगला दागिना अकारण हलक्या कसाचा ठरतो.

उपाय सोपा. दागिना आधी साबणाने धुऊन तेल काढा, स्पिरिटमध्ये बुचकळा, मग तोलायच्या पाण्यात सोडून मऊ ब्रशने बुडबुडे झाडा. पाणी उकळून गार केलेलं असावं. त्यात भांडी घासण्याच्या द्रवाचा एखादा थेंब चालतो. पोकळ किंवा लाख भरलेल्या दागिन्याला ही पद्धतच लागू नाही, तिथे बुडबुड्यांना दोष देऊ नका.

निकेल प्लेटिंगवर सुईच्या टोकाएवढे खड्डे पडतात, ते बुडबुड्यांमुळे?

बऱ्याचदा हो. कॅथोडवर, म्हणजे थर चढवायच्या वस्तूवर, निकेलबरोबर थोडा हायड्रोजनही सुटतो. बुडबुडा जिथे चिकटून बसतो तिथे थर चढत नाही आणि भोवती मात्र वाढत राहतो. पृष्ठताण उतरवायला बाथमध्ये, म्हणजे प्लेटिंगच्या द्रावणात, सोडियम लॉरिल सल्फेटसारखा वेटिंग एजंट घालतात. बाथ हवेने ढवळत असाल तर कमी फेसाचा एजंट घ्या, नाहीतर टाकीवर फेसाची उतरंड लागते. एजंट घालूनही खड्डे पडत असतील तर आधीची डिग्रीझिंगची (तेल काढण्याची) पायरी तपासा. तेलकट डागावर बुडबुड्याची पकड घट्ट असते, हे वर आलंच आहे. पंपाच्या शोषनळीची जोडणी हवा ओढते का, तेही बघा.

मत्स्यटाकीत पाणी बदलल्यावर झाडांवर, काचेवर आणि माशांवरही बुडबुडे दिसतात. काळजी करावी का?

कुठे दिसतात त्यावर आहे. दिवे लागून दोन-चार तास झाल्यावर फक्त पानांवर मोती आले, तर झाडं ऑक्सिजन सोडताहेत. टाकीतलं पाणी ऑक्सिजनने भरून गेल्याने तो विरघळायच्या आधीच दिसतो. चांगली खूण.

पाणी बदलल्याबरोबर काच, वाळू, हीटर सगळीकडे एकदम बुडबुडे आले तर ती नळाच्या पाण्यातली जादा हवा. थोड्या प्रमाणात निरुपद्रवी. पण माशांच्या परांच्या आत, डोळ्यांच्या कडेला बुडबुडे दिसू लागले तर गोष्ट गंभीर आहे. विरघळलेल्या वायूंचा एकूण दाब फार चढला की माशाच्या रक्तात आणि ऊतींत बुडबुडे धरतात. अमेरिकेत कोलंबिया आणि स्नेक नद्यांवरच्या धरणांखाली हा प्रश्न मोठ्या प्रमाणावर आला, आणि तिथे 110 टक्के संपृक्तता (पाण्यात नेहमी मावतो त्याच्या 110 टक्के वायू) ही मर्यादा धरली गेली. टाकीसाठी उपाय: नवीन पाणी वेगळ्या बादलीत एअरस्टोन लावून 24 तास ठेवा. एअरस्टोन इथे हवा घालत नाही, जादा हवा बाहेर काढतो. अनेकांना हे पटत नाही, पण अतिसंपृक्त पाण्यात तसंच होतं.

अळूचं पान पाण्यात बुडवलं की चांदीसारखं का चमकतं?

पानावरच्या मेणाच्या बारीक उंचवट्यांमध्ये पाणी शिरत नाही, हवेचा पातळ थर अडकतो. तिरप्या कोनातून, 48.6 अंशांच्या पलीकडे पाहिलं की पाणी आणि हवेच्या सीमेवरून प्रकाश पूर्णपणे परावर्तित होतो. पान सरळ समोरून बघा, हिरवंच दिसेल. काही काळाने हवा पाण्यात विरघळते आणि चांदी ठिगळाठिगळांनी विझते. हवा काढलेल्या पाण्यात लवकर. साल्विनिया या पाणवनस्पतीने यावर मात केली आहे. तिच्या केसांचं अंग पाणी झिडकारतं, पण टोकं पाणी धरून ठेवतात, त्यामुळे हवेचा थर सहज सुटत नाही.

समुद्राच्या लाटेतला फेस नदीपेक्षा बारीक आणि पांढरा का?

मीठ बुडबुड्यांना एकमेकांत मिसळू देत नाही. साध्या मिठाचं प्रमाण लिटरमागे सुमारे 0.1 मोल झालं की हा परिणाम ठळक होतो, आणि समुद्राचं पाणी त्याच्या बरंच पुढे आहे. त्यामुळे बारीक बुडबुडे बारीकच राहतात.

बुडबुडे चिकटण्याचा उपयोग कुणी करतं का?

फ्रॉथ फ्लोटेशन. तांब्याचं किंवा जस्ताचं खनिज दळून पाण्यात कालवतात, झँथेटसारखं रसायन घालून हव्या त्या खनिजकणांना पाणी नावडतं करतात आणि खालून हवा सोडतात. साधारण 10 ते 150 मायक्रॉनचे कण मिलिमीटरभर बुडबुड्यांना चिकटून फेसात येतात, दगडाची भुकटी खाली राहते. गोंदियाच्या शेजारी, मध्य प्रदेशातल्या मलाजखंडच्या तांब्याच्या खाणीवर हेच चालतं. कण फार बारीक असतील तर ते बुडबुड्याला आपटतच नाहीत, पाण्याबरोबर वळसा घालून जातात. फार जड असतील तर चिकटून सुटतात.

अल्ट्रासॉनिक बाथ सुरुवातीला नीट साफ करत नाही, हे खरं का?

खरं. ताज्या पाण्यातली हवा ध्वनिलहरी गिळते आणि पोकळ्या मिटताना उशीसारखी आड येते. पाणी भरून, डिटर्जंट घालून, वस्तू न ठेवता 5-10 मिनिटं बाथ चालवा. बुडबुडे वर येणं थांबलं आणि आवाज खरखरीत झाला की वस्तू सोडा. वस्तू बास्केटमध्ये टांगा, तळाला टेकवू नका, आणि पोकळ भागांची तोंडं वर ठेवा, म्हणजे आत हवा कोंडणार नाही.